मीटर चांगला, आवाज गायब

"एसडब्ल्यूआर दीड आहे, म्हणजे अँटेना ठणठणीत." हौशी रेडिओवाल्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे सोडलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते ते सांगणारा आकडा; तो १ च्या जितका जवळ तितका चांगला.

दादरला आमच्या गच्चीवर १४५ मेगाहर्ट्झचा अँटेना आहे. तिथून खोलीतल्या रेडिओपर्यंत ३० मीटर आरजी-५८, म्हणजे मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असलेली बारीक केबल. एका पावसाळ्यात एसडब्ल्यूआर चक्क सुधारला, पण माझा आवाज कुणाला जाईना. केबलचं वरचं टोक सोललं तर तांब्याची जाळी काळीहिरवी पडलेली, बोटाला ओल लागली. सांध्यातून शिरलेलं पाणी जाळीतून वातीतल्या तेलासारखं पसरतं, आणि आपला खारा वारा तांबं खातो.

मग मीटर सुधारला कसा? अँटेना आणि केबल यांचा मेळ बसला नाही की काही शक्ती वरून परत फिरते. मीटर जाणारी आणि परतणारी शक्ती ताडून पाहतो. परतावा शून्य असेल तर १:१. पण मीटर असतो खाली, रेडिओजवळ.

नवी कोरडी आरजी-५८ सुद्धा या वारंवारितेला ३० मीटरमध्ये साधारण ६ डेसिबल, म्हणजे पाऊण शक्ती, खाते. १० वॉट सोडले तर वर अडीच पोचतात. आता समजा, वर अँटेना तुटूनच पडलाय. अडीचच्या अडीच वॉट परत फिरतात, आणि उतरताना त्यांचाही चौथाच हिस्सा उरतो: जेमतेम ०.६ वॉट. म्हणजे मूळच्या शक्तीचा सोळावा भाग. त्याचं वर्गमूळ ०.२५. एसडब्ल्यूआर काढायला हे १ मध्ये मिळवा, १ मधून वजा करा, आणि १.२५ भागिले ०.७५ करा: १.६७. अँटेना नाहीच, तरी एसडब्ल्यूआर १.६७! केबल भिजली की घट वाढते आणि आकडा आणखी गोड दिसतो.

म्हणूनच 'सगळ्या बँडवर (म्हणजे वारंवारितेच्या सगळ्या पट्ट्यांवर) १:१' अशा अँटेनांच्या जाहिरातींना भुलू नका. ५० ओहमचा साधा रोधकही तेच दाखवतो आणि सगळी शक्ती उष्णतेत घालवतो.

७ मेगाहर्ट्झवर हीच केबल साधारण पाव शक्तीच खाते, तिथे चालून जाते. १४५ ला मात्र जाड केबल घ्या, लांबी कमी ठेवा. सांध्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली झोळ ठेवा, पाणी तिथूनच टपकेल. आणि मे महिन्यात, केबल कोरडी असताना, वरचं टोक मोकळं सोडून एसडब्ल्यूआर वहीत टिपा. ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच मोजा. आकडा उतरला असेल तर केबल बदला.