कोबॉटला जाळी लागतच नाही?

‘कोबॉट माणसाला इजा करूच शकत नाही, म्हणून त्याच्याभोवती जाळी लागत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गैरसमज व्हावा असंच ते नाव आहे. कोबॉट म्हणजे माणसाच्या सोबतीनं काम करणारा रोबॉट. धक्का जाणवला की बहुतेक कोबॉट थांबतात, हेही खरं.

पण थांबतो तो हात. त्या हाताच्या टोकाला काय लावलंय, ते कोबॉट बनवणाऱ्याला माहीत नसतं. ग्रिपरमध्ये, म्हणजे वस्तू धरणाऱ्या पंजात, नुकताच कापलेला पत्रा धरलाय, कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, तशीच आहे, असं समजा. १०० न्यूटनचा धक्का तळहाताएवढ्या, म्हणजे ५० चौरस सेंटीमीटर गुळगुळीत भागावर पसरला, तर दर चौरस सेंटीमीटरला २ न्यूटन पडतात. तोच धक्का अर्धा चौरस सेंटीमीटर कडेवर आला की दर चौरस सेंटीमीटरला २०० न्यूटन! जोर तेवढाच, दाब शंभर पट. आणि समोर डोळा असेल तर?

म्हणून सुरक्षित ठरतं किंवा ठरत नाही ते पूर्ण काम: हात, ग्रिपर, जॉब (धरलेली वस्तू), वेग आणि माणूस उभा राहतो ती जागा. काही ठिकाणी जाळी खरंच लागत नाही, काही ठिकाणी कोबॉटलाही लागते.

पडताळायचं असेल तर लाइनवर त्या कामाचं जोखीम मूल्यांकन मागा, मशीनचा कॅटलॉग नको. त्यात ग्रिपर आणि जॉब धरलेत का, धक्क्याचा जोर आणि दाब जागेवर मोजलाय का, ते बघा. ग्रिपर बदलला असेल तर मूल्यांकनाची तारीख त्यानंतरचीच हवी.