मोटरसायकलचा गिअर बदलण्याची वेळ

चालत्या मोटरसायकलचा गिअर कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा, याची चालकाला असलेली जाण. नवशिक्याला ती वेगाच्या आकड्यांतून शिकवतात. मुरलेला चालक इंजिनाचा आवाज ऐकतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळल्यावर गाडी काय उत्तर देते ते पाहतो. या दोन्हींत तफावत पडली तर आकडा बाजूला ठेवावा. वेग तोच असला तरी सपाट रस्त्यावर, चढावर आणि मागे माणूस बसलेला असताना इंजिनावरचे ओझे निरनिराळे असते.

इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, सगळ्या फेऱ्यांना (इंजिन फिरण्याच्या वेगांना) सारखी नसते. हिरो स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ८ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. रॉयल एनफील्डच्या जे-मालिकेतील ३५० सीसी इंजिनाला २७ न्यूटन-मीटर ४,००० फेऱ्यांनाच मिळतात. त्यामुळे ३,००० फेऱ्यांना वरचा गिअर टाकूनही बुलेट निमूट चालते. तेवढ्याच फेऱ्यांना स्प्लेंडर चौथ्यात असेल आणि मूठ पिळली, तर ती थरथरते.

गिअरांमधली अंतरेही सारखी नसतात. नेहमीच्या पाच गिअरच्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे एक तृतीयांशाहून अधिक घटतात, चौथ्यातून पाचव्यात जाताना जेमतेम १५ ते २० टक्के. म्हणूनच पहिला गिअर घाईने सोडला की दुसऱ्यात गाडी हिसके देते, पण चौथा थोडा लवकर सोडला तरी फारसे बिघडत नाही.

सपाट रस्ता आणि एकटा चालक धरला, तर १०० सीसी चार गिअरच्या गाडीला दुसरा १० ते १५, तिसरा २५ ते ३० आणि चौथा ४० किमी वेगाच्या सुमारास टाकावा. १५० सीसी पाच गिअरच्या गाडीला हेच टप्पे १५, ३०, ४० आणि ५० असे धरता येतात. अनेक जुन्या गाड्यांच्या वेगमापकावर प्रत्येक गिअरचा पट्टा छापलेला असे. आता बऱ्याच गाड्यांत त्या जागी गिअरचा आकडा दिसतो. मागे माणूस बसला की प्रत्येक टप्पा ५ ते १० किमीने पुढे सरकतो. दोन्ही बाजूंना ४० लिटरच्या दुधाच्या किटल्या लावलेल्या गाडीला तर बहुतेक गावात चौथा गिअर लागतच नाही.

मुठीची परीक्षा

चालू गिअर बरोबर आहे का, हे पाहायला मूठ आणखी थोडी पिळावी. गाडीने लगेच वेग घेतला तर गिअर ठीक. वेग न वाढता आवाज जाड झाला, हँडल आणि पायदाण थरथरले किंवा टाकीखालून टकटक ऐकू आली, तर गिअर उतरवायची वेळ टळून गेली आहे. अशा वेळी आणखी मूठ पिळणे ही सगळ्यात मोठी चूक. कमी फेऱ्यांना जास्त मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबले की त्याचा काही भाग ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप पेटतो. तीच ही टकटक. ती चालू ठेवली तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर मार बसतो. उलट आवाज चिरका झाला, फेरे वाढताहेत पण वेग त्या मानाने वाढत नाही, हात झिणझिणतात, तर गिअर चढवावा.

‘लवकर टॉप टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला निम्माच खरा आहे. मोकळ्या रस्त्यावर हलक्या मुठीने वरच्या गिअरात गेल्यास पेट्रोल वाचते. ३० किमीला टॉपमध्ये मूठ पूर्ण पिळून वाचत नाही.

घाटात

चढ सुरू होण्याआधीच, वेग हातात असताना, गिअर उतरवावा. चढाच्या मध्यावर वेग मेल्यावर क्लच दाबला की तेवढ्या क्षणात गाडी आणखी मंदावते, टाकलेला गिअरही अपुरा पडतो आणि लागोपाठ दोन गिअर उतरवावे लागतात. आंबोली किंवा वरंध घाटातल्या नागमोडी वळणांवर हे वारंवार घडते. तिथे वळणाच्या अलीकडे तिसऱ्यातून दुसरा टाकून, क्लच पूर्ण सोडूनच वळणात शिरावे.

उतारासाठी चालकांचा जुना नियम आहे: ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा. मूठ सोडली की इंजिन चाकाला मागे खेचते आणि ब्रेक तापत नाहीत. लांब उतारावर सतत दाबून ठेवलेला ड्रम ब्रेक तापून ढिला पडतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणे धोक्याचे तर आहेच, फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत ते तोट्याचेही आहे. गिअर टाकलेला असताना मूठ सोडली की त्यांचा संगणक इंजेक्टर बंद करतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते.

पावसात गिअर उतरवताना क्लच झटक्यात सोडू नये. इंजिनाच्या ओढीने मागचे चाक क्षणभर अडखळले की ओल्या रस्त्यावर ते सरकते. क्लच सोडण्याआधी मुठीला किंचित पीळ दिला, म्हणजे बोलीत ‘रेस दिली’, की इंजिनाचे फेरे चाकाशी जुळतात. बजाज डोमिनार ४०० सारख्या गाड्यांतला स्लिपर क्लच हा झटका बराच शोषून घेतो.

खटका आणि पाय

खटका म्हणजे गिअर बदलायचा पायाचा दांडा. सगळ्या गाड्यांचे गिअर एकाच दिशेने पडत नाहीत. स्प्लेंडरचे चारही पुढचा खटका दाबून पडतात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटचा खटका तर उजव्या पायाशी, पहिला वर आणि पुढचे तीन खाली. स्प्लेंडरची सवय असलेला माणूस पल्सरवर बसला, की वरचा गिअर समजून पुढचा खटका दाबतो आणि ६० किमीला गाडी तिसऱ्यात कोसळते. गाडी बदलल्यावर पहिले काही किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर घालवावेत.

गिअरपेटीतली चाके कायम एकमेकांत गुंतलेली असतात. खटका दाबल्यावर सरकतात ते त्यांच्या बाजूचे दात, आणि ते समोरच्या खाचेत बसतात. गाडी उभी असताना दात दातासमोर आला तर गिअर पडत नाही. जोर न लावता क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा किंवा गाडी वीतभर पुढे-मागे हलवावी. सिग्नलला चौथ्यात थांबून मग पहिला शोधणाऱ्यांची फजिती यामुळेच होते. गाडी सरकत असतानाच एकेक गिअर उतरवत पहिल्यापर्यंत यावे. पल्सरसारख्या गाड्यांत न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असतो (स्प्लेंडरमध्ये तो पहिल्याच्या आधी असतो). गाडी थांबत असताना दुसऱ्यातून हलका अर्धा खटका दिला की तो सापडतो.

बरेच दोष वेळेच्या चुकीचे वाटतात, पण असतात क्लचचे. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळीक हवी. ती वाढली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खणकन पडतो आणि इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही. ती अजिबात नसेल तर क्लचच्या प्लेटा घसरतात: टॉपमध्ये मूठ पिळली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असल्याने तेल जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचे घ्यावे. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल ओतले, तर नव्या प्लेटाही घसरू शकतात.

टाकलेला गिअर आपोआप सटकणे हे मात्र वेगळे दुखणे. बहुधा खटका अर्धवट दाबण्याच्या सवयीने दातांच्या कडा गोल झालेल्या असतात, किंवा ते सरकवणारा फोर्क वाकलेला असतो. क्लचची केबल ताणून यावर इलाज होत नाही. इंजिन उघडावेच लागते.