व्यवसाय कर (महाराष्ट्र)

व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर राज्य सरकार आकारते तो कर. बोलीभाषेत ‘पीटी’. महाराष्ट्रात तो 1975 च्या कायद्याने आला.

या कराचा जन्म दुष्काळात झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात ‘मागेल त्याला काम’ या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता. 1972 च्या दुष्काळात तीच कल्पना राज्याला आधाराला घ्यावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध खोदायला सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामाची ही हमी कायमची करायची तर कायमचा पैसा हवा होता. तो महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्यांकडून आणि व्यावसायिकांकडून घ्यायचा असे ठरले. सोबत मोटार वाहन कर व विक्रीकर यांवरील अधिभार, बागायती जमिनीवरील आकारणी आणि शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवरील कर हेही होते. जितकी वसुली, तितकीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, अशी तरतूद झाली. ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून नाही त्याने पाऊस न पडलेल्या गावाचा भार उचलावा, इतका सरळ न्याय त्यामागे होता.

आकारणी महिन्याच्या एकूण वेतनावर होते. पुरुषांना 7,500 रुपयांपर्यंत कर नाही, 7,501 ते 10,000 पर्यंत दरमहा 175 आणि त्यावर दरमहा 200 रुपये. फेब्रुवारीत मात्र 300 कापतात, म्हणजे 11 महिन्यांचे 2,200 आणि हे 300 मिळून वर्षाचे 2,500 पुरे होतात. स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत माफी आहे. वयाची 65 वर्षे पूर्ण झालेले, अपंगत्वाची ठरावीक अट पूर्ण करणारे, सैन्यदलातली माणसे, तसेच कापड गिरण्यांतले बदली कामगार यांनाही सूट आहे.

न्यायाचा प्रश्न 2,500 या आकड्यापाशी अडतो. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. आधी ही मर्यादा 250 होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली आणि तिथेच थांबली. महिना 12,000 मिळवणाऱ्या पुरुषाच्या वार्षिक उत्पन्नातला सुमारे 1.74 टक्के भाग या करात जातो. महिना 3 लाख मिळवणाऱ्याचा जातो 0.07 टक्के. रक्कम दोघांची एकच. शिवाय किमान वेतन आता बहुतेक उद्योगांत 10,000 च्या वर गेले आहे, त्यामुळे पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाला खालच्या टप्प्याची माफी फारशी लाभत नाही. ही विषमता कराच्या मूळ हेतूच्या विरुद्ध आहे, आणि ती दूर करायची तर घटनादुरुस्ती लागेल. राज्याला आपल्या हाती असलेले माफीचे टप्पे तेवढे वर नेता येतात.

टप्प्यांच्या कडाही बोचतात. 7,500 वर कर शून्य. 7,501 झाले की 175, म्हणजे पगार एक रुपयाने वाढून हातात 174 रुपये कमी. स्त्रियांच्या बाबतीत हीच कड 25,000 वर आहे.

मंदीत नोकरदार आणि स्वयंरोजगारी यांची स्थिती वेगळी होते. पगार कापला जाऊन टप्प्याखाली आला, तर त्या महिन्याची कपात आपोआप कमी होते किंवा थांबते. स्वतःचा व्यवसाय असलेल्याची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, उत्पन्न विचारत नाही. धंदा बसला तरी 30 जूनपर्यंत 2,500 भरायचेच. कंपनी तोट्यात असली तरी तिचे वेगळे आणि संचालकांचे वेगळे. काम कायमचे बंद केले असेल तर नावनोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी, नाहीतर थकबाकी साचत जाते. एकदम 10,000 भरून पाच वर्षांची जबाबदारी मिटवण्याची सवलत आहे, पण एवढी रक्कम हाताशी असलेल्यालाच ती घेता येते.

कपातीची जबाबदारी मालकाची. त्याला पीटीआरसी, म्हणजे मालकाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. वर्षाचा कर 1 लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदा, 31 मार्चपर्यंत. त्याहून जास्त असेल तर दरमहा. मालकाने कापला नाही तरी कर त्याच्याकडूनच वसूल होतो. नेहमीची चूक म्हणजे मूळ वेतनावर टप्पा ठरवणे. महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे इतर भत्ते धरायचे असतात. बोनस आणि ग्रॅच्युइटी धरायची नसते. दोन ठिकाणी नोकरी असेल तर स्वतः नावनोंदणी करून कर भरणार असल्याचे प्रमाणपत्र दोन्ही मालकांना द्यावे, नाहीतर दोन्हीकडे कापले जाते. भरलेला कर आयकराच्या जुन्या प्रणालीत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत होत नाही.

रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. केंद्राने 2005 मध्ये देशभरासाठी कायदा केल्यावर मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. त्याच्याही आधीपासून कामांवरचा खर्च वसुलीपेक्षा कमी पडत होता आणि दुष्काळी गावांसाठी गोळा केलेला निधी शिल्लक राहू लागला होता. कपात मात्र आजही 1975 च्याच कायद्याखाली, दर महिन्याच्या पगारपत्रकात होते.