गोठवलेलं वीर्य आणि खवटलेला बांगडा

गोव्यातल्या मापशाच्या बाजारातला बांगडा फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने विसरला की पोटाकडे पिवळसर पडतो आणि हुमणाला (माशाच्या आमटीला) खवट वास मारतो. तो कुजलेला नसतो. त्याच्या चरबीला प्राणवायू लागलेला असतो. शुक्राणूच्या आवरणातही बांगड्यातलीच डीएचए नावाची चरबी भरपूर असते. गोठवण्याच्या द्रावणात अँटिऑक्सिडंट, म्हणजे प्राणवायूमुळे होणारी ही हानी रोखणारा पदार्थ, घालायची कल्पना या खवटपणातूनच आली, पण यायला फार वेळ लागला.

बर्फात थंड केलेले शुक्राणू निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलतात, हे इटालियन शास्त्रज्ञ स्पालान्झानीने 1776 मध्ये नोंदवलं. 1866 मध्ये त्याच देशाच्या मांतेगाझाने त्यापुढची उडी मारली: लढाईवर जाणाऱ्या सैनिकाचं वीर्य गोठवून ठेवावं. (आपल्याकडे सैनिकाच्या जागी बोटीवर जाणारा तारवटी ठेवा.) खरी वाट सापडली ती 1949 मध्ये इंग्लंडात, तीही बाटल्यांच्या लेबलांच्या घोळामुळे. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स साखरेचं द्रावण समजून जे वापरत होते, ते ग्लिसरॉल निघालं, आणि त्यानेच शुक्राणू गोठूनही तगले. 1953 मध्ये अमेरिकेत बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा साधली, आणि पुढे द्रव नायट्रोजनचं उणे 196 अंश तापमान रुळलं. सगळे बर्फाच्या स्फटिकांशी झुंजत राहिले.

मला नवल वाटतं ते याचं की खरा धागा ग्लिसरॉलच्याही आधी हाती आला होता. जास्त प्राणवायूत मानवी शुक्राणू मंदावतात आणि कॅटालेज हे विकर (एन्झाइम) घातलं की तगतात, हे जॉन मॅक्लाउडने 1943 मध्येच दाखवलं होतं. चरबी खवटण्याचं रसायन शुक्राणूत उलगडायला 1979 उजाडलं. 1992 मध्ये अल्वारेझ आणि स्टोरी यांनी ते गोठवण्याशी जोडलं: या प्रक्रियेत चरबीची हानी वाढतेच, शिवाय शुक्राणूचं स्वतःचं संरक्षक विकरही घटतं. पेशीरस जेमतेम असल्याने त्याच्याकडे राखीव साठा तो किती असणार?

मग ई आणि क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, मेलाटोनिन असं एकेक करून द्रावणात पडू लागलं. प्रयोगशाळेत हालचाल आणि डीएनए बऱ्याचदा सुधारलेले दिसतात. मूल होण्याचं प्रमाण वाढतं, असा ठाम पुरावा मात्र नाही. आणि ओतावं तितकं बरं, असंही नाही. बीजांडात शिरण्याची तयारी करताना शुक्राणूला थोडे ऑक्सिडंट लागतातच.

भारतात 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दात्याच्या बीजपेशी आणि भ्रूण साठवण्याची कमाल मुदत 10 वर्षं ठेवली आहे. 2023 मध्ये गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मोफत आयव्हीएफ सुरू झाल्यापासून नमुना किती टिकतो असे प्रश्न पणजी-मडगावच्या घरांतही निघतात. तारवट्याचं कंत्राट लांबलं म्हणून नमुना खराब होत नाही. उणे 196 अंशांत रसायन जवळपास थिजलेलं असतं. घात होतो तो खाली उतरतानाच्या आणि वर येतानाच्या काही मिनिटांत, आणि अँटिऑक्सिडंटचं काम तेवढ्याच मिनिटांचं.