शेंडा उडवला की झाड सुरक्षित होतं?

मे उजाडला की सोसायट्यांतून एकच सल्ला फिरतो: पावसाआधी गुलमोहराचा शेंडा उडवा, म्हणजे वादळात पडणार नाही. वर्षानुवर्षं ऐकलेला हा समज साफ चुकीचा आहे.

शेंडा कापला की झाड घाबरंघुबरं होऊन धुमारे फोडतं. ते भराभर वाढतात, पण खोडाच्या वरच्या थरालाच चिकटलेले असतात. मूळ फांदीसारखे आतून बांधलेले नसतात. कापलेल्या खुंटात पाणी मुरतं, बुरशी शिरते, लाकूड कुजतं. दोन-चार वर्षांनी तेच वजनदार धुमारे वाऱ्यात मोडून खालच्या गाड्यांवर येतात.

छाटणी करायचीच असेल, तर फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बघा, सालीला सुरकुतल्यासारखी फुगीर कड असते. जखम भरण्याचं काम तीच कड करते, म्हणून काप तिच्या जरासा बाहेर हवा. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, नाहीतर पडताना ती खोडाची सालही सोलून नेते. हे ज्याला सांगता येतं, त्याला काम द्या. झाड न बघताच फोनवर ‘शेंडा साफ करतो’ म्हणणाऱ्याला नको.

आणखी एक. ‘झाड आपल्या आवारातलं, परवानगी कशाला?’ असं म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. राज्याचा 1975 चा शहरी वृक्ष संरक्षण कायदा खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. झाडाला इजा करणंही त्यात तोडणंच मानलं जातं. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा कागद हातात आल्याशिवाय करवत चालू देऊ नका.