सॅक्सोफोनवादन : जॅझ आणि नागपूरची वरात

सॅक्सोफोन अंगाने पितळी, पण कुळाने लाकडी सुषिर वाद्यांतला. कारण त्याचा नाद ओठांच्या थरथरीतून नव्हे, तर माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाला, आवळलेल्या बोरूच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो. बेल्जियममधील दिनां गावी जन्मलेल्या अडॉल्फ साक्स (१८१४–९४) याने तो घडवला आणि १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतले. त्याच्या डोळ्यांपुढे होते लष्करी बँड. जॅझचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

जॅझमध्ये टेनर या मोठ्या, खालच्या सुराच्या सॅक्सोफोनला प्रतिष्ठा दिली ती कोलमन हॉकिन्सने. चार्ली पार्करने (१९२०–५५) आल्टोवर, म्हणजे टेनरहून लहान, वरच्या सुराच्या सॅक्सोफोनवर, बीबॉप या जॅझशैलीची वेगवान भाषा घडवली आणि तो चौतिसाव्या वर्षीच गेला. जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात आला. भारतीय संगीताची त्याला इतकी ओढ, की रविशंकरांवरून त्याने मुलाचे नाव रवी ठेवले. भारतात जॅझ रमला तो मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत, गोव्याच्या वादकांच्या हातून. मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोन हिंदी चित्रपटगीतांत घराघरांत पोचवला, तर कद्री गोपालनाथ यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवले आणि १९८० च्या मुंबईतील ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवातही ते गाजले.

नागपूरकराच्या कानाची मात्र या वाद्याशी ओळख होते ती बहुधा वरातीत. शेजारच्या कामठीत १८२१ पासून छावणी असल्याने लष्करी बँडही इथे परका नाही. पण जॅझ आणि वरात यांचा सॅक्सोफोन एकच असला तरी मागणी उलटी आहे. जॅझमध्ये चाल एकदा वाजवून झाली, की तिच्या स्वरसंगतीवर वादकाने स्वतःचे बोलायचे असते. वरातीत चाल ओळखू आली नाही तर नाचणारे थांबतात. त्यामुळे बाजावाला गायकाची ओळ सोडत नाही. चाव्या अर्ध्या उचलून, ओठ सैल सोडून तो तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आणतो, आणि त्याची कारागिरी खरे तर तिथेच दिसते.

क्लॅरिनेटवरून इकडे येणाऱ्याला एक सुख मिळते. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जात असल्याने सप्तकाची चावी दाबली, की त्याच बोटांवर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो; क्लॅरिनेटवर तो थेट वरच्या पंचमावर उडी घेतो. दुसरा हिशेब पट्टीचा. आल्टोवर पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेला ‘सी’ वाजवला की पेटीच्या काळी दोनचा स्वर येतो, टेनरवर काळी पाचचा. हे गणित तोंडपाठ नसेल, तर शेजारचा ट्रम्पेटवाला आणि आपण दोन वेगळ्या गावांना निघतो.

नागपूरच्या लग्नसराईत पारा पंचेचाळिशी गाठतो. रीड वाळली की तिचे टोक सुरकुतते, आवाज फाटतो. म्हणून दोन गाण्यांच्या मधे ती जिभेवर ओली ठेवावी लागते. वरातीत वाजणाऱ्या धुमाल आणि संदल या ताफ्यांच्या तालवाद्यांपुढे एकट्या सॅक्सोफोनचा आवाज उघड्या रस्त्यावर फारसा टिकत नाही. लॉनवरच्या रिसेप्शनला त्याला अधिक वाव मिळतो. तिथे वादक ध्वनिमुद्रित ट्रॅकवर वाजवतो. तापल्या हवेत वाद्याचा स्वर चढतो, ट्रॅक मात्र जिथल्या तिथे राहतो. तेव्हा माउथपीस नेकच्या, म्हणजे वरच्या वाकड्या नळीच्या, बुचावरून किंचित बाहेर ओढून स्वर उतरवून घ्यायचा.