गणंग, शिट्टी आणि सातनंतरचं वरण

मटकीच्या उसळीत कधी कधी एखादा दाणा असा येतो की दात कळवळतो. बाकीची उसळ लोण्यासारखी मऊ आणि हा एकटा खड्यासारखा टणक. आपल्याकडे त्याला गणंग म्हणतात. तो त्याच पाण्यात भिजला, त्याच आचेवर तितकाच वेळ शिजला, तरी कोराच राहिला, कारण त्याच्या सालातून पाणी आत गेलंच नाही. कडधान्याच्या सालात दाटीने उभ्या रचलेल्या पेशींचा एक थर असतो. काही दाण्यांत तो इतका घट्ट बनतो की रात्रभर भिजवूनही पाण्याला वाट सापडत नाही. उष्णता आत पोचते, पण पाणी नसेल तर आतला स्टार्च फुगत नाही आणि दाणा मऊ होत नाही.

कामावरून सातच्या पुढे घरी येऊन वरण-भात, भाजी, पोळी उभी करायची असते, तेव्हा वेळ नेमका कुठे जातो हे मला या गणंगामुळे उमगलं. आपण हात भराभर चालवतो, कांदा झपाट्याने चिरतो, त्यातून वाचतात दोन-तीन मिनिटं. खरा वेळ खातो तो दाण्याच्या गाभ्याकडे चाललेला पाण्याचा प्रवास. आणि त्या प्रवासासाठी आपण घरात असण्याची काहीच गरज नसते.

या प्रवासाचं गणित सोपं आहे. पाणी झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. अख्ख्या हरभऱ्याला रात्रभर भिजावं लागतं, पण हरभऱ्याच्या डाळीचं दोन-तीन तासांत भागतं, कारण साल गेलेलं असतं आणि दाणा दुभंगून निम्मा झालेला असतो. उष्णतेलाही हाच नियम लागू आहे. सहा सेंटिमीटर जाडीचा अख्खा बटाटा आणि दोन सेंटिमीटरच्या फोडी यांत जाडीचा फरक तिप्पट, पण गाभ्यापर्यंत उष्णता पोचण्याच्या वेळेचा फरक जवळपास नऊपट. भाजीला बटाटे उकडायचे असतील तर आधी फोडी करून घ्याव्यात.

म्हणून सकाळी चहाचं आधण ठेवतानाच डाळ धुऊन भिजत घालावी. उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवली तर ती आंबते, त्यामुळे भांडं फ्रिजमध्ये सरकवावं. सकाळी राहूनच गेलं तर आल्या आल्या कडकडीत पाणी ओतून झाकून ठेवावी. गरम पाणी कितीतरी लवकर झिरपतं. तूरडाळ अर्धा तास भिजली तरी मोठा फरक पडतो. एकाच कुकरमध्ये डबे लावल्यावर भात मोकळा शिजलेला आणि डाळ मात्र बोटचेपी राहिलेली, ही तक्रार त्याने मिटते.

कुकरची गोष्ट १६७९ ची. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं बनवलं. १६८२ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभासदांनी त्यात शिजवलेलं जेवण घेतलं. त्यांतल्या जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की गाई-मेंढ्यांची कठीण हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती. भांडं फुटू नये म्हणून पापँने वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. आपली शिट्टी तिचीच वंशज. वाफेचा दाब शिट्टीच्या वजनाला पुरून उरला की ती उचलली जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते.

उघड्या भांड्यात पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९६ च्याही जरा खाली. कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की शिजण्यासारख्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे २० अंशांनी चौपट. पण एकदा शिट्टी उचलली जाऊ लागली की आच कितीही वाढवा, आतलं तापमान वाढत नाही. मोठ्या आचेवर भराभर होणाऱ्या शिट्ट्यांनी डाळ लवकर शिजत नाही, फक्त पाणी आणि गॅस उडून जातो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजावीत.

इथे दोन बारकावे मला फार महत्त्वाचे वाटतात. ज्या कुकरला शिट्टी वरून बसवतात, त्याच्या नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागल्यावरच ती बसवावी. आधी बसवली तर आतली हवा कोंडून राहते. मग दाबाचा काही वाटा हवेचा असतो आणि तितकी वाफ कमी, म्हणजे तापमानही कमी. शिट्टी वाजते, पण डाळ मागे राहते. दुसरा बारकावा कुकरच्या तळातल्या पाण्याचा. डबे लावताना तिथे दोन वाट्या पाणी पुरतं; अनेक घरांत लिटरभर ओततात. वरचं सहाशे मिलिलिटर पाणी २५ वरून १२० अंशांवर न्यायला सुमारे २४० किलोज्यूल लागतात. भांड्याला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता एक किलोवॅट धरली, तर हिशोब होतो चार मिनिटांचा. रोज संध्याकाळी चार मिनिटं, नुसतं पाणी तापवण्यात!

पाणी आत पोचल्यावरही एक काम उरतं. दाण्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि ते पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमने घट्ट बांधलेलं असतं. ते विरघळलं की डाळ घोटता येते. ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार खरी आहे, कारण जड पाण्यात हेच क्षार भरपूर असतात. जुन्या डाळीचं दुखणंही याच जातीचं. उष्ण, दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डाळीतलं फायटेट नावाचं द्रव्य हळूहळू मोडतं, त्याने धरून ठेवलेले क्षार सुटतात आणि पेक्टिनला जाऊन चिकटतात. अशी डाळ पाणी पिते, फुगते, पण मऊ होत नाही. वर्षाची डाळ एकदम भरण्यापेक्षा लागेल तशी आणलेली बरी.

आंबटाचं पेक्टिनशी मुळीच जमत नाही, आम्लात ते फार सावकाश विरघळतं. एक भांडं वाचवायला डाळीबरोबरच टोमॅटो किंवा चिंचेचा कोळ कुकरमध्ये घातला तर वेळ वाचत नाही, उलट वाढतो. नव्या तूरडाळीला ते निभावून नेता येतं, पण हरभऱ्याला आणि जुन्या डाळीला नाही. आमटीत आधी डाळ घोटतात आणि मग चिंच किंवा आमसूल घालतात. या क्रमाला हात लावू नये.

मिठाची गोष्ट उलटी आहे. मिठाने कडधान्य निबर होतं असा समज पक्का आहे, पण भिजवतानाच्या लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घातलं तर सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. नंतर ते पाणी ओतून द्यावं. खाण्याच्या सोड्याने छोले याहूनही झटपट शिजतात, पण त्यात बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मुलांच्या ताटात जाणाऱ्या उसळीत मी सोडा घालत नाही.

गॅस बंद केल्यावर कुकर नळाखाली धरायची सवय मात्र मोडावी. भरलेला कुकर दहाएक मिनिटं १०० अंशांच्या वर राहतो आणि तेवढा वेळ डाळ फुकट शिजत असते. दाब एकदम उतरवला की दाण्यांतलं पाणी खळकन उकळतं, हरभऱ्याची सालं फाटतात आणि शिजणं तिथेच थांबतं. तेव्हा आच पाच मिनिटं आधी बंद करावी आणि कुकर खाली उतरवून ठेवावा. वाफ जिरेपर्यंत काकडी चोचवून, दाण्याचा कूट आणि जिऱ्याची फोडणी घालून खमंग कोशिंबीर होते.